विहिरीचं विरजण

माझ्या माहेरी नवी सून आली की तिला आधी देवापुढे वाकायला लावत, मग सासू-सासऱ्यांपुढे आणि शेवटी विहिरीच्या काठावर. पहिल्या दोन ठिकाणी ती निमूट वाकायची. तिसऱ्या ठिकाणी विचारायची, "इथं कोण आहे?" मग आमच्याकडची एखादी बाई अतिशय गंभीर चेहरा करून सांगायची, "थोरले सासरे." नवी सून पदर सारखा करायची, कठड्यावरून खाली डोकवायची, आणि पाण्यातून एक काळपट, सुरकुतलेलं, चिंचोळं डोकं वर येऊन तिच्याकडे टक लावून बघायचं. किंचाळली नाही अशी सून आमच्याकडे आलीच नाही. अपवाद एकच, माझी वहिनी. ती शांतपणे वाकली आणि म्हणाली, "ह्ये सासरे बोलत न्हाईत, त्ये बरंय." त्या क्षणी मला कळलं, या बाईशी आपलं जमणार.

थोरले म्हणजे विहिरीतलं कासव. ते कुणी सोडलं, कधी सोडलं, कुणाला ठाऊक नाही. आमच्याकडच्या जुन्या विहिरींत कासव असायचंच. पाणी चांगलं राहतं म्हणायचे. भावकीच्या वाटण्या झाल्या तेव्हा खाचरं वाटली, आंब्याची झाडं वाटली, तांब्याचा बंब कुणाकडे यावरून तर तीन बैठका झाल्या. कासव मात्र विहिरीबरोबर आपसूक आमच्याकडे आलं आणि बांधापलीकडच्या काकूच्या मनात कायमचं सलत राहिलं. ही काकू म्हणजे माझ्या वडिलांच्या चुलतभावाची बायको. तिच्या वाट्याला आलेल्या विहिरीत कासव नव्हतं. पुढे एका पावसाळ्यात थोरले पुराच्या पाण्याबरोबर तिच्या खाचरात गेले, तर तिनं त्यांना सरळ पाटीखाली झाकून ठेवलं. वहिनी गेली, पाटी उचलली, थोरल्यांना काखेत मारलं आणि एक शब्द न बोलता परत आली. त्या दिवसापासून दोघींत बोलणं बंद. कासवावरून भावकी तुटलेलं मावळात आमचं एकच घर असावं.

आमची वाडी आंबी गावाच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याला. एका अंगाला कारखान्यांचे निळे पत्रे, दुसऱ्या अंगाला भाताची खाचरं. दादा नवलाख उंबरे गावाजवळच्या कारखान्यात पाळी करतो आणि उरलेल्या वेळात इंद्रायणी भात पिकवतो, किंवा त्याच्या म्हणण्याप्रमाणे उलटं. मी लग्न होऊन तळेगावात आले, ते अजून तिथंच एका फ्लॅटमध्ये आहे. माझ्या घरात पाणी नळातून येतं आणि ते कुठून येतं याचा विचार मी फक्त ते येईनासं झालं की करते. माहेरी तसं नव्हतं. तिथं नळ आला, तोटी आली, पाणी मात्र आलं तर आलं. प्यायला, रांधायला, भाताच्या तरव्याला, गुरांना, सगळ्याला विहीरच.

आणि ती विहीर म्हणजे काय सांगू! अर्ध्यापर्यंत पायऱ्या, त्यांच्या फटीफटीतून हंसराज नावाच्या नेच्याची हिरवी झालर. कडेला उंबर, त्याची एक फांदी पाण्यावर छत्रीसारखी धरलेली. खाली शेवाळ, गोगलगाई, बेडूक, बोटाच्या पेराएवढे मासे आणि पाण्यावर सदा घाईत असलेल्या पाणनिवळ्या. तळाशी एका कोपऱ्यात एक सपाट दगड होता. त्यावर थोरले बसायचे. घरात पाण्याची तब्येत त्या दगडावरून मोजली जायची. "दगड दिसतो का?" दिसतो म्हटलं की पाणी चांगलं. नाही म्हटलं की थोडं थांबायचं.

थांबायचं, एवढंच. विहीर आजारी पडत नव्हती असं मुळीच नाही. पावसाळ्यात डोंगरावरून गढूळ पाणी यायचं, दगड दिसेनासा व्हायचा. एकदा युरियाचं अख्खं पोतं आत पडलं, पाणी हिरवंगार झालं. एकदा शेजारची शेळी पडली. तो किस्सा मी लग्नांत सांगते, इथं नको. प्रत्येक वेळी घरात काही दिवस हळहळ व्हायची, पाणी काकूकडून आणावं लागेल म्हणून वहिनीचा चेहरा कडू व्हायचा आणि मग एका सकाळी दगड परत दिसायला लागायचा. कुणी काही केलेलं नसायचं. दादा म्हणायचा, "आपली हीर म्हंजे घोडं हाय घोडं. पडलं तरी झटकून उटतंय."

या एका वाक्यावर आम्ही सगळे वर्षानुवर्षं निवांत झोपत होतो.

मग उन्हाळ्यात माझी भाची, दादाची लेक, बाळंत झाली. मुलगी झाली. बाळंतपण माहेरी, म्हणजे वाडीवर. आमच्याकडे सव्वा महिन्यानं बाळंतीण विहीर पूजते. हळद-कुंकू वाहते, ओटी भरते, पहिली घागर ओढते आणि घरात नेते. तोवर तिनं विहिरीवर जायचं नाही. पूजेला सासरची माणसं येतात आणि मग लेकीला घेऊन जातात. भाचीचं सासर देहूरोडचं. तिच्या सासूबाई, म्हणजे आमच्या वहिनीच्या विहीणबाई, फार टापटिपीच्या. लग्नाच्या वेळी त्यांनी आमच्या विहिरीत डोकावून एकच वाक्य टाकलं होतं, "शेवाळ फार आहे हो तुमच्याकडे. पाय घसरेल कुणाचा."

ते वाक्य वहिनीनं दोन वर्षं सांभाळून ठेवलं होतं. आता ते तिनं बाहेर काढलं.

"या टायमाला हीर अशी करते वन्सं," ती मला फोनवर म्हणाली, "की विहीणबाईंनी त्यात तोंड बघून कुंकू लावावं."

मी टाळ्या वाजवल्या. फोनवर टाळ्या वाजवणं सोपं नाही, पण मी वाजवल्या.

पूर्वी आई विहिरीचा गाळ काढायची तेव्हा चार बायका, दोन घमेली आणि भरपूर आरडाओरडा एवढंच साहित्य लागायचं. दादानं मात्र आधी मोटर लावून विहीर तळापर्यंत उपसली. मग लोणावळ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्याच्या दोस्ताचं गाड्या धुण्याचं सेंटर आहे, तिथून प्रेशरचं मशीन आणलं. पर्यटकांच्या गाड्यांवरचा चिखल उडवणारं ते मशीन त्यानं विहिरीच्या भिंतींवर चालवलं. हंसराज गेला. शेवाळ गेलं. फटीफटीतली माती गेली. पानं पडतात म्हणून उंबराची फांदी छाटली. गाळ खरवडून खरवडून शेतात टाकला. वरून चुना, आणि आत ब्लीचिंग पावडर, तीही दादाच्या हाताची, म्हणजे भाजीत मीठ टाकावं तशी अंदाजानं.

मासे घमेल्यांत काढून ठेवले होते. मे महिन्याच्या उन्हात घमेल्यातलं पाणी चहासारखं तापलं. बाकीचं कावळ्यांनी उरकलं. थोरल्यांना गुरांच्या हौदात ठेवलं. ते तिथं एका कोपऱ्यात तोंड करून बसले, शिक्षा झालेल्या पोरासारखे.

मी रविवारी गेले तेव्हा नवं पाणी झिरपून चांगलं पुरुषभर चढलं होतं. अहाहा! निळं, स्वच्छ, भिंती पांढऱ्याशुभ्र. दगड तर असा दिसत होता की हात लांबवून उचलावा. दादानं फोटो स्टेटसला ठेवला. वाडीतल्या बायका बघायला आल्या. वहिनी कठड्यावर हात ठेवून उभी होती, नाटकाच्या शेवटी पडदा वर गेल्यावर नटी उभी राहते तशी. एकच गोष्ट मला खटकली, पण तेव्हा तिला शब्द सापडला नाही. विहिरीतून आवाज येत नव्हता. बेडूक नाही, टुबुक नाही, काही नाही.

आणि पुढच्याच आठवड्यात अवकाळी पाऊस आला.

आता अवकाळी आम्हाला नवा नाही. पण अलीकडे तो पाहुण्यासारखा येत नाही, धाड पडल्यासारखा येतो. शिवाय आमच्या वरच्या डोंगराला बंगल्यांसाठी टप्पे पाडलेत. सुट्टीपुरते बंगले, आंब्याच्या झाडांऐवजी दिव्यांचे खांब. उघड्या मातीवरून लाल पाणी सुटलं आणि थेट आमच्या निळ्या विहिरीत उतरलं.

"जाऊ दे," दादा म्हणाला. "घोडं हाय."

आम्ही थांबलो. नेहमीसारखे थांबलो. गढूळपणा जरा बसला, आणि त्याच्या जागी हिरवटपणा आला. आधी कच्च्या कैरीसारखा, मग पालकाच्या भाजीसारखा. छाटलेल्या फांदीच्या जागेतून भर दुपारचं ऊन सरळ पाण्यावर पडत होतं. पाण्याला वास येऊ लागला. वर डासांच्या अळ्या वळवळू लागल्या, त्यांना खाणारं कुणी नव्हतं. दगड दिसणं सोडा, घागर बुडाली की दिसत नव्हती.

बाळंतिणीच्या घरात हे. दादानं पाण्याचे जार आणायला सुरुवात केली. भाची बाळाला जारच्या पाण्यानं अंघोळ घालताना बघून वहिनी आत निघून जायची. ती पहाटे उठून विहिरीवर जायची, दुपारी जायची, संध्याकाळी जायची. दर वेळी तोच चेहरा घेऊन परत. पूर्वी माझ्याशी फोनवर तासभर बोलणारी बाई आता एवढंच म्हणायची, "न्हाई दिसत."

उपाय सुरू झाले. सांगते, कारण त्यातला प्रत्येक सल्ला छातीठोक होता. तुरटी फिरवली. पाणी एक दिवस निवळलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा हिरवं. शेवग्याच्या बिया झाल्या. दादाच्या पाळीतल्या एकानं सांगितलं म्हणून आणखी ब्लीचिंग टाकली. मी तळेगावातल्या शेजाऱ्यांना विचारून रोज नवं औषध कळवत होते, जणू विहिरीला सर्दी झालीय. पुन्हा उपसावी तर झिरे आटत आलेले, मोटर अर्ध्या तासात गुरगुरायला लागली. आणि उपसून तरी काय, पुन्हा पाऊस आला की तेच.

घाबरवणारी गोष्ट हिरवं पाणी नव्हती. ते आम्ही युरियाच्या वेळी पाहिलं होतं. या वेळी विहीर परत उठत नव्हती, ते भयंकर होतं. एवढी वर्षं आम्ही समजत होतो की विहीर निवळते, जसा दिवस मावळतो. आपोआप. आणि आता मी पहिल्यांदा विचार करू लागले की ते आपोआप करत कोण होतं. मासे, गोगलगाई, शेवाळ, ती सावली, तळाचा तो काळा गाळ, कोपऱ्यात बसलेले थोरले. आम्ही घोड्याला घासूनपुसून चकचकीत केलं होतं आणि त्या भरात त्याचे पायच काढून ठेवले होते.

थोरल्यांनीही खाणं सोडलं. हौदाच्या भिंतीला नखं घासत राहायचे. त्या हिरव्या पाण्यात त्यांना सोडायची कुणाची छाती होईना.

"मरतील तितं," वहिनी म्हणायची.

"आन हितं काय जगत्यात?" दादा म्हणायचा.

पूजा आठवड्यावर आली तेव्हा मी रजा टाकून वाडीवर गेले. वहिनी चुलीपाशी बसली होती. भाचीसाठी दूध तापवून निवत ठेवलेलं आणि विरजण संपलेलं. दह्याचं भांडं कुणीतरी पुसून चाटून घासून टाकलेलं.

"कुणी घासलं गं ह्ये?" वहिनी भाचीवर ओरडली. "जरा तळाला ऱ्हाऊ द्यायचं ना! आता कशानं लावू दही? नुसतं दूध ठेवलं तर काय व्हईल? नासंल!"

आणि ती थांबली. माझ्याकडे बघितलं. मीही तिच्याकडे बघत होते, कारण माझ्या डोळ्यांपुढे आई उभी राहिली होती. पदर खोचलेली, विहिरीच्या काठावरून आत ओरडणारी, "त्या कोपऱ्यातलं ऱ्हाऊ द्या गं! समदं न्हाई काढायचं!" लहानपणी मला वाटायचं, आई दमली म्हणून म्हणते. तिनं कारण कधी सांगितलं नाही. तिलाही माहीत होतं की नाही, देव जाणे. तिच्या सासूनं सांगितलं म्हणून ती ओरडत असेल.

"वन्सं," वहिनी अगदी हळू म्हणाली, "हिरीला बी विरजण लागत आसंल का हो?"

"लागत असेल तर आणायचं कुठून?"

दोघींनाही उत्तर माहीत होतं. वाडीत दुसरी जुनी विहीर एकच होती, बांधापलीकडे. वहिनीनं तोंड फिरवलं. मग म्हणाली, "मी जानार न्हाई. तुमी जावा. दिवं लागायच्या आत जावा, नायतर रातचं विरजण देत न्हाईत म्हनंल."

मी नाटकात कामं केली आहेत, त्यात एकदा राजदूतही झाले होते. पण इतकी अवघड शिष्टाई मला कधी मिळाली नव्हती. हातात रिकामं घमेलं घेऊन मी बांध ओलांडला. काकू अंगणात लसूण सोलत होती. तिनं आधी घमेल्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"काय पायजे?"

"विरजण हवं होतं, काकू."

"घमेलंभर? लगीन हाय का कुनाचं?"

"दह्याला नको. विहिरीला हवंय."

लसणाची पाकळी तिच्या बोटात तशीच राहिली. मी सगळं सांगितलं. तिनं पूर्ण ऐकून घेतलं आणि मग हसायला लागली, ती खोकला येईपर्यंत हसली.

"मोबाइलवर तर लय चकाकत व्हती तुमची हीर! नातवानं दावली मला. म्या म्हनलं, बया, हीर हाय का सायबाचा पोहायचा हौद!"

"चुकलं, काकू."

"माजी बघितलीस का? पोरं ऱ्हात्यात चिंचवडला, म्या कुटं उतरू? धा वर्सं झाली, हात न्हाई लावला. लोकं नावं ठेवत्यात. ये, बघ तरी अवतार."

अवतारच होता. भिंती दिसत नव्हत्या, नुसतं शेवाळ आणि नेचे. एक वडाचं रोप दगडांतून निघून विहिरीच्या मधोमध लोंबत होतं. त्याच पावसाचं लाल पाणी इथंही उतरलं होतं, तोच डोंगर, तेच टप्पे. पण खाली पाणी काळंशार होतं, आणि त्यात बारीक मासे लखलखत होते. टुबुक. एक बेडूक. मला गेल्या कित्येक दिवसांत त्या आवाजाइतकं काही गोड वाटलं नव्हतं. काकूनं यासाठी काहीही केलेलं नव्हतं. ती फक्त आळशी होती, आणि तिचा तो आळस मला त्या क्षणी साष्टांग नमस्कार घालण्याजोगा वाटला.

"घे काय घ्यायचं ते," काकू म्हणाली. "गाळ घे, मासं घे. पर माजी एक अट हाय."

मला अट कळलीच होती.

"कासव हितं येनार. तुमची बरी व्हईस्तवर. त्या हौदात जीव द्याल त्याचा."

मी ही अट घरी सांगितली तेव्हा मला वाटलं होतं, वहिनी घमेलं फेकून मारेल. तिनं पदराला हात पुसले. मग उठली, हौदापाशी गेली, थोरल्यांना उचललं. या वेळी काखेत मारलं नाही. दोन्ही हातांत धरलं, बाळ धरावं तसं, आणि पदर वर घेऊन बांध ओलांडला. इतक्या वर्षांनी.

काकू कठड्यापाशी उभी. वहिनी समोर. मधे कासव.

"जड झालंय," काकू म्हणाली.

"वाळलंय," वहिनी म्हणाली.

एवढंच बोलणं झालं. थोरले पाण्यात गेले, वर्तुळं उठली, आणि ते वर आलेच नाहीत. आम्ही तिघी कठड्यावर ओणवून उभ्या. वहिनीच्या ओठांचा रंग उडाला. "काय झालं हो? वर का येत न्हाईत?" काकू कठड्यावरून आणखी खाली वाकली. मग त्या लोंबत्या वडाच्या मुळीखालून एक चिंचोळं डोकं निघालं, तोंडात गोगलगाय धरलेली. वहिनी जमिनीवर बसली आणि घळाघळा रडली. काकू म्हणाली, "रडाया काय झालं? खातंय की!" आणि स्वतः डोळ्यांना पदर लावला, लसणाचं निमित्त सांगून.

मग आम्ही विरजण नेलं. काळा गाळ, शेवाळाचे दगड, गोगलगाई, कळशीतून मासे. दादा आणि मी फेऱ्या घालत होतो. उंबराच्या फांदीच्या जागी दादानं बांबू रोवून गोणपाटाचं छप्पर केलं, शेतमांडवासारखं. ब्लीचिंगचा डबा मी तळेगावला घेऊन आले, म्हणजे पुन्हा कुणाचा हात चालायला नको.

दही रात्रभरात लागतं. विहिरीला घाई नव्हती. पूजेचा दिवस आला तरी पाणी पालकाचंच होतं. नाही म्हणायला वरच्या अळ्या कमी झाल्या होत्या, पण तेही आम्हाला खरंच दिसत होतं की हवं म्हणून दिसत होतं, शपथेवर सांगता येणार नाही.

विहीणबाई आल्या. सोबत दोरी बांधलेली नवी कोरी घागर. आल्या आल्या म्हणाल्या, "कुठंय ती तुमची फोटोतली विहीर? मी सगळ्या सोसायटीत दाखवलाय फोटो."

मी तोंड उघडलं. माझ्याकडे तीन थापा तयार होत्या, तिन्ही सुरेख. पण वहिनीनं मला हातानं थांबवलं.

"ती मीच मारली," ती म्हणाली. "तुमी शेवाळ हाय म्हनला व्हतात, म्हनून घासली. आता उटंना."

विहीणबाईंनी कठड्यावरून वाकून बघितलं. बराच वेळ बघितलं. मला वाटलं, आता काहीतरी ठेवणीतलं येणार. पण त्या म्हणाल्या, "मी म्हटलं म्हणून?" आणि एकदम लहान दिसायला लागल्या. "अहो, मी आपलं उगीच बोलले होते. लग्नात काहीतरी बोलावं लागतं."

पूजा काकूच्या विहिरीवर झाली. भाचीनं हळद-कुंकू वाहिलं, ओटी भरली, बाळाला कठड्यावरून थोरल्यांना दाखवलं. थोरले आले, बघून गेले. बाळ झोपेत होतं, त्यामुळे किंचाळण्याचा प्रश्न आला नाही. मग भाचीनं पहिली घागर ओढली, कमरेवर घेतली आणि निघाली. घराकडे नाही, आमच्या विहिरीकडे.

"अगं, घरात न्यायची असते ती!" विहीणबाई मागून म्हणाल्या.

"आधी हिला," भाची म्हणाली, आणि अख्खी घागर त्या हिरव्या पाण्यात ओतली. काठाकाठाला पेराएवढे दोन मासे चमकून खाली गेले. विहीणबाई थांबल्या, मग पुढे झाल्या, आणि ओटीतले उरलेले तांदूळ त्यांनी माशांसाठी पाण्यावर टाकले. पालकाच्या रंगावर पांढरे दाणे तरंगत राहिले.

त्यानंतर खरा पाऊस लागला. डोंगरावरचे टप्पे वाढलेत, आता एक रस्ताही कापलाय. लाल पाणी पुन्हा उतरलं. मी तळेगावात खिडकीशी उभी राहून ढगांकडे शत्रूसारखी बघत होते, आयुष्यभर पावसावर गाणी म्हणत आलेली मी. रोज संध्याकाळी फोन करायचे. बाळ कसं आहे, असं विचारायची रीत. पण आम्ही दोघी आधी दुसरंच विचारायचो.

"दगड?"

"न्हाई."

"थोरले?"

"काकूकडं. रोज जाऊन बघते. ती म्हनती, इतक्यात न्हाई द्यायचं." मग थोडं थांबून, "चहा देती पर."

दादा आता घोड्याचं नाव काढत नाही. एकदा म्हणाला, "या पावसात उटली तर उटली." त्याचा असा पडलेला आवाज मी कधी ऐकला नव्हता. विहिरीशिवाय त्या वाडीवर राहणं जमणार नाही, हे आम्हा दोघांना माहीत होतं. वरच्या बंगल्यांसाठी जमिनी बघत फिरणारी गाडी हल्ली आमच्या बांधाशी थांबून जाते.

परवा मात्र फोन तिकडून आला, भर दुपारी. वहिनीचा आवाज असा, की मला वाटलं लॉटरी लागली.

"वन्सं! घसरले!"

"कुठं? लागलं का?"

"पायरीवर! पाय सटाकला, धाडदिशी बसलेच! कंबर गेली!"

"मग हसतेस काय वेड्यासारखी?"

"आवो शेवाळ हाय! पायरीवर शेवाळ आलंय! हात फिरवून बघितला, मऊ मऊ, मांजरावानी!"

मी ऑफिसात होते. जागच्या जागी दोन पावलं नाचले. शेजारच्या टेबलावरच्यांनी विचारलं, काय झालं? मी म्हटलं, वहिनी पडली.

मग फोन कानाला लावला आणि आवाज खाली आणला.

"आणि दगड?"

पलीकडे पाऊस पत्र्यावर वाजत होता.

"वाकून बघते," ती म्हणाली. "धरा फोन."

मी धरून ठेवला.